इथे डिझेल स्वस्थ मिळेल

खालून कुणीतरी शिडी धरली, तेव्हा मी ‘स्वस्थ’मधल्या थवर पांढरा रंग फासत होते.

“मॅडम, जरा उजवीकडं सरा की,” खालचा आवाज म्हणाला. “शिडीचा एक पाय खड्ड्यात हाय. पडलासा तर नाव आमच्या पंपाचं खराब होतंय.”

मी खाली बघितलं नाही. सकाळचे साडेपाच वाजले होते. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. आणि मी उभी होते ती कर्नाटकात, दुसऱ्याच्या पंपावर, दुसऱ्याच्या बोर्डासमोर.

“मी चोर नाही,” मी बोर्डाकडंच बघून म्हणाले.

“ते दिसतंय. चोर रंग घेऊन येत न्हाईत. पुसालाय काय, तेवढं सांगा.”

“चूक.”

“कुणाची?”

“तुमची. ‘स्वस्त’ला थ नसतो.”

खाली तो अक्षर अक्षर जुळवून बोर्ड वाचत असल्याचं ऐकू आलं. मग, “मग काय असतंय?”

“त. तबल्याचा त.”

“बरं,” तो म्हणाला, आणि त्यानं शिडी आणखी घट्ट धरली.

गडहिंग्लजकडून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर कोंडीचा ओढा लागतो. ओढ्याच्या अलीकडं आमचा पंप, महाराष्ट्रातला शेवटचा. पलीकडं त्यांचा, कर्नाटकातला पहिला. मध्ये पूल धरून दोनशे पावलं. दोन्हीकडं टँकर एकाच कंपनीचा यायचा, डिझेलचा रंग तोच, वास तोच, हाताला लागलं की दोन दिवस जायचं नाही तेही तसंच. पण ओढा ओलांडला की लिटरमागं साडेपाच रुपयांनी उतरायचं. ज्या त्या सरकारचा कर वेगळा. आईला हे कधीच पटलं नाही. ती म्हणायची, “ओढ्यात बुचकळून घेत्यात का काय ते?”

आमचा पंप म्हणायचा, पण मालक इचलकरंजीला. माझे वडील, आबा, तिथं बावीस वर्षं मॅनेजर होते. त्याआधी ते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची गुलाबं, पिक्चरची नावं, सगळं त्यांनी रंगवलेलं. बी.ए. झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली बिलं करायला बसले. रोज सकाळी सहाला नवा दर मोबाइलवर यायचा आणि स्टुलावर चढून दराच्या पाट्या बदलायचं काम माझं. आमच्या पाटीवरचा आकडा मोठा, त्यांच्यावरचा लहान. दिवसाची सुरुवातच हरण्यानं.

दक्षिणेकडं जाणारे ट्रक आमच्याकडं थांबायचे ते चिंचेखाली. चिंच म्हणजे नुसतं झाड नव्हतं, दहा ट्रक मावतील एवढी सावली होती. ड्रायव्हर तिथं डबे सोडायचे, आमच्या नळावर तोंडं धुवायचे, टायरात हवा भरून घ्यायचे, आणि निघताना म्हणायचे, “शंभरचं टाक, पूल ओलांडंपर्यंत.”

डिझेल सोडायला रमजान चाचा असायचे. त्यांच्या जिभेला बंद करायचा कॉक नव्हता. “शंभरचं तरी कशाला?” ते म्हणायचे. “उतार हाय. न्यूट्रलला टाका आणि अल्लाचं नाव घ्या.”

त्या वर्षी गणपतीनंतर मालक येऊन सांगून गेले होते. दिवाळीपर्यंत आठवड्याला एक टँकर डिझेल खपायला लागलं तर बरं, नाहीतर पंपाला कुलूप. आबा ‘बरं’ म्हणाले. रात्री जेवताना त्यांनी भाकरी अर्धी ठेवली, एवढंच. बावन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडं कोण ठेवून घेणार होतं? पेंटरची कामं तर केव्हाच मशिनवर छापायला लागली होती.

आणि त्यातच पलीकडच्या पंपानं तो बोर्ड लावला. तोंड महाराष्ट्राकडं, हातभर उंचीची निळी अक्षरं, खास आमच्या लोकांसाठी मराठीत:

इथे डिझेल स्वस्थ मिळेल.

पहिल्या दिवशी स्टुलावर उभी राहून मी इतकी हसले की हातातला आठचा आकडा खाली पडला.

“काय झालं गं?” आबा केबिनमधून ओरडले.

“आबा, त्यांचं डिझेल स्वस्थ हाय. तब्येत सुधारली त्याची.”

आबा हसले नाहीत. “त्यांच्या बोर्डाकडं बघायचं न्हाई. आपलं काम करायचं.”

पण मी रोज बघायची. सहाला पाट्या लावायच्या, पलीकडं बघायचं, हसायचं. माझी ती सवयच झाली. पलीकडंही एक पोरगा त्याच वेळी त्यांच्या पाट्या लावायचा. दोनशे पावलांवरून तो नुसता पांढरा शर्ट दिसायचा.

मग कुणीतरी त्या बोर्डाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला. ‘डिझेल दवाखान्यातून घरी आले, आता स्वस्थ आहे.’ तो गडहिंग्लज, आजरा, चंदगड सगळीकडं फिरला. पोरं मोटारसायकली, जीप घेऊन बोर्डासमोर उभं राहून फोटो काढायला यायला लागली. आलेच आहोत म्हणून टाकी भरायची. डिझेल पलीकडं स्वस्त आहे हे आजवर ट्रकवाल्यांना ठाऊक होतं. आता ते प्रत्येक गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला कळलं. आमच्याकडं सवयीनं येणारे चार ट्रॅक्टर होते, तेही एकेक करून पूल ओलांडायला लागले.

“एका थनं आमचं दुकान बसवलं,” चाचा म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. चूक होती म्हणून गर्दी होती. चूकच काढून टाकली तर? शुद्धलेखन सुधारून कुणाचं वाटोळं करायला निघालेली मी बहुधा पहिलीच. आबांच्या जुन्या पेटीतून एक ब्रश, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे तळाशी राहिलेले डबे घेतले, पंपामागची बांबूची शिडी खांद्यावर टाकली आणि पूल ओलांडला.

आणि आता खाली शिडी धरून तो पांढरा शर्ट उभा होता.

“मी महांतेश,” तो म्हणाला. “मांतू म्हणत्यात. पंप काकांचा हाय. बोर्ड मी लावली.”

“लावला.”

“काय?”

“बोर्ड तो. लावला.”

“आमच्यात सगळं चालतंय हो. चहा पण ती आणि तो दोन्ही.” मग जरा थांबून म्हणाला, “पण ‘स्वस्थ’ असा शब्दच नसतोय काय मराठीत?”

“असतो. त्याचा अर्थ निवांत. घोर नसलेला माणूस बसतो ना, तसा.”

“मग वाईट काय हाय? डिझेल निवांत मिळंल. गडबड न्हाई, गोंधळ न्हाई.”

मी हसू दाबलं, पण शिडी हलली आणि त्याला कळलं.

मी त काढला. तो जरा वाकडा झाला, कारण माझं निम्मं लक्ष खाली होतं. खाली उतरले तर त्यानं स्टीलच्या पेल्यात चहा आणून ठेवलेला.

“तुम्ही मला हाकललं का नाही?” मी विचारलं.

“फुकटात पेंटर मिळाला. हाकलू कशाला?” तो बोर्डाकडं बघत होता. “एक खरं सांगा. चूक दुरुस्त करायला आलासा, का आमची गर्दी मोडायला?”

मी ब्रश डब्याच्या कडेला निपटायला लागले.

“कळतंय मला,” तो म्हणाला. “चौगुले आबांचा पंप बंद होणार म्हणून ऐकलंय. वाईट वाटतंय. पण दर मी ठरवत न्हाई हो. सहाला मोबाइलवर येतंय, तुमच्यासारखंच.”

पेला तिथंच ठेवून मी निघाले. पुलावर आल्यावर एकदा मागं बघितलं. तो अजून त वाचत होता.

आबा केबिनच्या दारात उभे होते.

“नाकाला काय लागलंय?”

“कुठं काय?”

“निळं हाय.” त्यांनी खुंटीवरची चिंधी काढली, नोझलच्या तोंडाशी राहिलेले दोन थेंब तिच्यावर घेतले आणि माझ्या हातात दिली. “पूस. बेतानं पूस, महाराष्ट्रातलं हाय.”

एवढंच. शिडीबद्दल नाही, ब्रशबद्दल नाही.

तो गुरुवार होता. शुक्रवारी फोटोवाली पोरं आली, बोर्ड वाचला, “आयला, सुधारलं की रे,” म्हणून माघारी गेली. शनिवारी आमचे दोन ट्रॅक्टर परत आले. “तिकडं आता मजा न्हाई,” त्यातला एक म्हणाला. चाचांनी त्याला स्वतःच्या डब्यातलं अंडं दिलं. मी जिंकले होते.

शुक्रवारी, शनिवारी, रविवारी मी सहाला स्टुलावर चढले. पलीकडं बघितलं. ‘इथे डिझेल स्वस्त मिळेल.’ बरोबर लिहिलेलं. पांढरा शर्ट पाट्या लावत होता आणि मला त्याच्याकडं जायला जगात काहीसुद्धा कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी स्टुलावर चढले आणि खालीच बसले.

“चाचा! वाचा ते.”

चाचांनी डोळ्यांवर हात धरला. “इथे... डिझेल... मला मराठी लांबचं दिसत न्हाई, पोरी.”

थ परत आला होता.

मी ब्रश घेतला, डबा घेतला, शिडी घेतली. या वेळी लपून नाही, भर उजेडात. आबा केबिनमध्ये पाठमोरे बसून कागद चाळत होते. “आबा, आलेच,” म्हटलं. ते “हं” म्हणाले.

“हे काय आहे?” मी पूल ओलांडतानाच ओरडले.

मांतू बोर्डाखाली कमरेवर हात ठेवून उभा होता. “मीच तुम्हाला विचारणार होतो.”

“मला? मी कशाला करीन? माझंच नुकसान!”

“मग मी तरी कशाला करीन? मला थ काढता येत न्हाई, बोर्ड बाहेरनं करून आणलेली. काढता आला असता तर पहिल्यांदाच त काढला नसता काय?”

“गर्दी हवी म्हणून केलंत.”

“बसवण्णाची शपथ, मी न्हाई.”

“मग थ काय ओढ्यातून चढून आला?”

“येऊ शकतोय,” तो गंभीरपणानं म्हणाला. “स्वस्थ हाय तो. चालतंय फिरतंय.”

आता मात्र मला हसू आवरलं नाही. भांडायला गेले होते आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते. तोही समोरच्या टायरवर बसला.

“मॅडम...”

“शुभांगी.”

“शुभांगी मॅडम, थ पुसून तुमचा पंप वाचत न्हाई. गर्दी मोडंल, पण साडेपाच रुपये कसे पुसणार?”

हे मला ठाऊक होतं. हे आबांनाही ठाऊक होतं, म्हणून तर भाकरी अर्धी राहत होती.

तो आमच्या पंपाकडं बघत होता. “आमच्याकडं काय हाय सांगू? स्वस्त डिझेल आणि ऊन. बघा, एक झाड न्हाई. काकांनी सगळी तोडली. आमचं गिऱ्हाईक इथं टाकी भरायच्या आधी जेवतंय कुठं? तुमच्या चिंचेखाली. झोपतंय कुठं? तुमच्या चिंचेखाली. स्वस्थ तिकडं हाय हो. बोर्ड तेवढी चुकीच्या पंपावर लागली.”

मी या वेळी ‘लागला’ म्हणाले नाही.

थ मी ब्लेडनं खरवडला. कुणीतरी घाईत काढला असावा, वरच्या गाठीच्या पोटात निळा थेंब सांडून वाळला होता. तिथं मी परत त काढला, पहिल्यापेक्षा सरळ. शिडी कुणी धरली होती ते सांगायला नको.

पंपावर येऊन आबांना सांगितलं तर ते उखडलेच.

“आपल्याच पंपावर त्यांची जाहिरात करू? डोकं फिरलंय तुझं!”

“आबा, डिझेल पलीकडं स्वस्त आहे हे ट्रकवाल्याला ठाऊक नाही का? लपवून काय राहिलंय? खरं लिहिलं तर निदान हसेल तरी. आणि बसेल.”

“बसून काय करंल?”

“आईच्या हातची भाकरी खाईल.”

आबांनी उठून चिंचेची सावली पावलांनी मोजली. मग म्हणाले, “कुणाची अक्कल ही?”

“माझीच.”

“सगळी?”

मी नखं बघायला लागले. आबांनी पेटी उघडली, मी अर्धवट धुऊन ठेवलेल्या ब्रशचा नाकाजवळ धरून वास घेतला, मान हलवली, नवा ब्रश काढला. दुपारपर्यंत जुन्या पत्र्यावर बोर्ड तयार झाला. त्यांचा हात इतक्या वर्षांनीसुद्धा लोण्यासारखा फिरत होता:

डिझेल पलीकडे स्वस्त.
इथे बसा स्वस्थ.

पहिला ट्रक तमिळनाडूचा होता. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, सगळे का हसताहेत म्हणून तोही हसला आणि बसला. चाचांनी चिंचेखाली चार बाजा टाकल्या, आईनं चूल मांडली, झुणका, भाकरी, ठेचा. आठ दिवसांत बाजा दहा झाल्या. आणि गंमत अशी की माणूस तासभर कुणाच्या सावलीत झोपला, कुणाच्या नळावर अंघोळ केली, की त्याला ‘शंभरचं टाक’ म्हणायची लाज वाटते. “टाका पन्नास लिटर,” ड्रायव्हर म्हणायचे, “तेवढं वाचवून काय श्रीमंत होतोय आम्ही?” धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्या आठवड्याचा टँकर आला. मालक स्वतः आले, बोर्ड वाचला, चिंचेखाली बसले आणि दुसरी भाकरी मागून घेतली. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. पंप आजही चालतो. धावत नाही, पण चालतो.

पुढच्या वैशाखात मी पूल ओलांडला तो शिडीशिवाय. त्याआधी महिनाभर दोन्ही घरांत तोंडं वाकडी होती. त्यांच्यात मांसाहार नाही, आमच्यात रविवार त्याशिवाय जात नाही. त्यांची आजी मराठी समजायची पण बोलायची नाही, माझी आत्या कन्नड बोलायची पण समजत नाही म्हणायची. आश्चर्य म्हणजे आबा एका शब्दानंही आडवे आले नाहीत. उलट आत्यालाच म्हणाले, “दोनशे पावलं तर हायत. हाक मारली तरी ऐकू येतंय.”

संसारात आमचं भांडण एकच. “थ तुम्हीच काढला होता,” मी म्हणायची. “बसवण्णाची शपथ, मी न्हाई,” हे म्हणायचे. “मग कोणी?” “चालत आला असंल.” सात वर्षं. मला वाटायचं, लाजतात कबूल करायला. मनातून बरंही वाटायचं, की माझ्यासाठी कुणीतरी एक अक्षर चुकवलं.

परवा ओवीला घेऊन माहेरी गेले होते. ओवी साडेचार वर्षांची, आमची मुलगी. शाळेत कन्नड शिकते आणि मराठी अक्षरं शिकवायचं काम आबांनी मागून घेतलंय. हल्ली ते केबिनमध्ये कमी आणि चिंचेखालच्या बाजेवर जास्त असतात. मी जरा पाठ टेकली होती. आजोबा आणि नात पाटीवर वाकलेले.

“हा त. तबल्याचा. आणि हा थ. थव्याचा.”

“आजोबा, थच्या पोटात टिंब कशाला?”

“ती माझी खूण हाय. माझ्या उस्तादानं शिकवलेली. पेंटरनं कुठंतरी आपली सही सोडायची असती, कुणाला दिसणार न्हाई अशी. माझी थमधी.”

मी डोळे उघडले. समोर डिझेलच्या मशिनवर आबांनी बावीस वर्षांपूर्वी... नाही, आता एकोणतीस, रंगवलेली पाटी होती. ‘येथे धूम्रपान करू नये.’ येथेच्या थच्या गाठीत एक टिंब. डोक्यावर बोर्ड. इथेच्या थमध्ये टिंब. स्वस्थच्या थमध्ये टिंब. सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तो बोर्ड रंगवत असताना मी शेजारी डबा धरून उभी होते, पण तेव्हा माझं लक्ष कुठं थकडं होतं?

मी उठून बसले.

“आबा. त्या रविवारी पलीकडं जाऊन...”

आबा पाटी पुसायला लागले. थ पुसून गेला तरी पुसतच राहिले.

“शिडी कोणी धरली होती?”

नोझलजवळ उभ्या रमजान चाचांना अचानक खोकला आला.

“आबा, आपले ट्रॅक्टर परत आले होते. पंप जाणार होता तुमचा. आणि तुम्ही स्वतःच्या हातानं...”

“व्हय,” आबा म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, पुलाकडं बघत होते. “पण तीन दिवस तू सहाला स्टुलावर चढून तिकडं बघत होतीस, आणि हसत नव्हतीस.”

पुलावरून एक ट्रक आला आणि चिंचेखाली थांबला. ड्रायव्हर खाली उतरून बोर्ड वाचायला लागला. पलीकडं पांढरा शर्ट कुणाची तरी टाकी भरत होता. त्या माणसावर सात वर्षं मी खोटा आळ घेत होते.

आबांनी पाटी ओवीच्या मांडीवर ठेवली, पेन्सिल तिच्या बोटांत नीट बसवली.

“हं, आता तू काढ,” ते म्हणाले. “आणि टिंब विसरू नको.”